नशेचे धडे प्राथमिक शाळेत पोलिसांनी द्यावेत का?

रानवाट:
माझी मुलगी तिसरीत आहे. गेल्या आठवड्यात शाळेत पोलीस आले होते, सेफ्टी आणि नशा असं दोन्हीवर बोलून गेले. त्या दिवशी घरी आली ती गप्प गप्पच, धड जेवली पण नाही, आणि रात्री दप्तर भरायला गेले तर तळाशी रुमालात गुंडाळलेलं काकाचं सिगारेटचं पाकीट. विचारलं तर रडायलाच लागली, "काकाला पोलीस पकडून नेतील ना गं आई". नशा म्हणजे गुन्हा आणि गुन्हा म्हणजे बेड्या, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. साहेब प्रेमाने बोलले म्हणे, त्यांना दोष देत नाहीये. रस्ता कसा ओलांडायचा, हरवलो तर कुणाकडे जायचं हे पोलिसांनीच शिकवावं. पण नशेचा विषय रोजच्या बाईंनी घ्यावा, हे माझं स्पष्ट मत झालंय.

खाकीवाला:
ताई, लेकराला त्रास झाला याचं वाईट वाटलं, पण मत नाही पटलं. मी नोकरीत असताना असे बरेच वर्ग घेतलेत. एकदा तास संपल्यावर एक पोरगा मागे रेंगाळला, शर्टाचं बटण पिळत उभा, आणि हळूच विचारलं, "कुणी गोळी दिली आणि चॉकलेट आहे म्हणालं तर?" मी खाली बसलो, त्याच्या उंचीला आलो, मग कळलं की मोठ्या मुलांनी खरंच दिली होती. हे तो बाईंना बोलला नव्हता, घरी नव्हता बोलला. वर्दीची भीती असते तसाच विश्वासही असतो हो.

आकडेमोड:
एकेक अनुभव दोन्ही बाजूंनी निघतील, म्हणून मोठ्या प्रमाणावर काय झालं ते बघा. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स आणि तिथलं शाळाखातं यांनी मिळून 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू केला, वर्दीतला पोलीस पाचवी-सहावीच्या वर्गात १७ आठवडे शिकवायचा. देशभर पसरला, पालक खूश, पोलीस खूश. पण केंटकीत सहावीतल्या सुमारे १००० मुलांचा दहा वर्षं मागोवा घेतला, १९९९ मध्ये निष्कर्ष आले, आणि विशीत पोचलेल्या त्या मुलांमध्ये डेअर शिकलेली आणि नेहमीचे आरोग्याचे धडे घेतलेली यांच्यात नशेच्या बाबतीत फरकच सापडला नाही. इतका पैसा, इतके तास, आणि हाती काय?

खाकीवाला:
तो जुना डेअर झाला. २००९ मध्ये त्यांनी नवा अभ्यासक्रम घेतला, त्यात भाषण कमी आणि सराव जास्त. नकार द्या, कारण सांगा, टाळा, निघून जा, हे मुलं एकमेकांसमोर करून बघतात. चुकलं ते शिकवायच्या पद्धतीत चुकलं, त्यासाठी माणूस कशाला बदलायचा?

आकडेमोड:
पण तो मूळचा सातवीच्या मुलांसाठी तयार केलेला होता. तेरा वर्षांच्या मुलाला मित्रांचा दबाव कळतो, आठ वर्षांच्या मुलाला तुम्ही कशाला नाही म्हणायला शिकवताय? त्याला कुणी ऑफरच केलेलं नसतं.

खाकीवाला:
वर लिहिलंय ना, त्या पोराला दिली होती.

खडूफळा:
मी प्राथमिकला शिकवते. खरं सांगायचं तर पोलीस वर्गावर आले की आमच्यातले बरेच जण मागे बसून वह्या तपासतात, मीही तपासल्यात. मग दुसऱ्या दिवशी मुलांनी काही विचारलं तर आपल्याला माहीतच नसतं काय सांगितलं गेलं ते. आता मी ऐकत बसते आणि नंतर आठवडाभर जोड्या लावून "नको, मला जायचंय" म्हणायचा सराव घेते. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांचा आवाजच फुटत नाही, मोठ्यांना नाही म्हणायची सवयच नसते ना त्यांना. हे एका तासात पोलिसांना जमणार नाही आणि साहेबांसारखं मागे रेंगाळणाऱ्या पोराचं ऐकायला मला दरवेळी वेळ मिळतो असंही नाही. तरी निवडायचंच झालं तर मी रानवाटताईंच्या बाजूने, कारण आम्ही उद्याही वर्गात असतो.

रानवाट:
खडूफळा, अगदी हेच म्हणायचं होतं मला. काल मुलीने स्वतःच काकाला पाकीट परत दिलं आणि विचारलं, तुला सोडता येत नाही का. तो म्हणाला, दोनदा सोडली, पुन्हा लागली. बराच वेळ बोलत बसले दोघं. वर्दीतल्या माणसासमोर हे बोलणं झालंच नसतं.

खाकीवाला:
बरं वाटलं वाचून. पण त्या पोराच्या घरी असं बोलायला कुणी नव्हतं ताई, म्हणून तर तो माझ्यापाशी थांबला.