बिडाच्या तव्याला कोणतं तेल?
नवीन बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा वापरासाठी तयार करायला खोबरेल तेल लावून तापवत राहा, असं एकाने सुचवलंय. तवा तापवत राहण्याबद्दल पूर्ण सहमत, पण तेल बदला. तव्यावर जो काळा गुळगुळीत थर बसतो तो नुसता तेलकटपणा नसतो. तेलातली असंतृप्त मेदाम्लं उष्णतेने एकमेकांत गुंफून घट्ट होतात. खोबरेल तेलात जवळपास ९० टक्के संतृप्त, म्हणजे असा न गुंफणारा, मेद असतो, त्यामुळे त्याचा थर नीट धरत नाही, तवा चिकट राहतो. जवसाचं तेल फार छान कडक होतं, पण तो थर कधीकधी पापुद्र्यांनी सुटतो. मला सूर्यफुलाचं तेल सगळ्यात भरवशाचं वाटतं. फडक्याने लावायचं आणि मग कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढायचं, हे फार महत्त्वाचं! जाड थर दिला की ओघळ गोठतात. मग धूर येईपर्यंत तापवायचं, गार करायचं, पुन्हा तेच.

आणि सुरुवातीचे काही आठवडे त्यात टोमॅटो, कोकम, चिंच घातलेलं काही शिजवू नका. आंबटाने कोवळा थर निघून जातो. घावन, आंबोळ्या, थालीपीठ खुशाल करा, तवा त्यानेच तयार होतो.