प्रोजेक्ट झोम्बॉइड घेऊ का?

रातकिडा: झोम्बींच्या या गेमवर सेल लागलाय. नुसती मारधाड नको, तग धरून राहायचा गेम हवाय. लॅपटॉप जुना आहे.

खिडकीफोड्या: घे रे, डोळे झाकून. १९९३ सालचं अमेरिकेतलं केंटकी राज्य, आणि आपण साधा माणूस. सुरुवातीला टीव्हीवरचा सुतारकामाचा कार्यक्रम चुकवू नकोस, तो बघून कौशल्य वाढतं. पुढे वीज जाते, पाणी जातं, फ्रीजमधलं मटण सडतं. माझा अकरा दिवस टिकलेला गडी कसा गेला माहितीये? खिडकी फोडली आणि काचा न काढताच आत घुसलो. हात कापला. वर घराचा अलार्म वाजला, अख्खी गल्ली दारात! पट्टी शोधेपर्यंत झोम्बीचा चावा बसला. चाव्याला औषध नाही, खेळ खल्लास.

रातकिडा: आणि वाईट काय?

खिडकीफोड्या: पिशव्यांची उचलठेव. अर्धा वेळ हमालीतच जातो. कथा नाही, नीट शिकवणारंही कोणी नाही. २०१३ पासून स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, अर्ली ॲक्सेसमध्येच आहे, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला ठेवलाय, बघ.

चहाबिस्कीट: जुन्या लॅपटॉपवर गेममधल्या लुइव्हिल शहराकडे फिरकू नकोस. झोम्बींची गर्दी एवढी, की माझ्या मशीनचा पंखा ऐकून आई मिक्सर बंद करायला आली होती.

रातकिडा: घेतला. पहिला गडी चार तासांत गेला. खिडकीच.