शब्दचर्चा : लॅटिनेक्स, लातिने, हिस्पॅनिक

रानवारा :
अमेरिकेतल्या एका शिक्षणविषयक शोधनिबंधाचा मराठी गोषवारा हवा आहे. शीर्षकात 'लॅटिनेक्स', आतल्या तक्त्यात 'हिस्पॅनिक'. दोन्ही शब्द तिथल्या स्पॅनिशभाषक किंवा लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांसाठीचे. दोन्हींना 'लॅटिन वंशीय' चालेल?

शब्दखूण :
नको. 'लॅटिन विद्यार्थी' म्हटलं की डोळ्यांसमोर लॅटिन भाषा घोकणारी मुलं येतात. 'वंशीय'ही चूक. २०२० च्या जनगणनेतही हा प्रश्न वंशाहून वेगळा होता. माणूस हिस्पॅनिक आणि कृष्णवर्णीय दोन्ही असू शकतो.

शिवाय हद्दी वेगळ्या. हिस्पॅनिक स्पॅनिश भाषेवरून : स्पेन आत, ब्राझील बाहेर. लातिनो (स्त्री असेल तर लातिना) प्रदेशावरून, म्हणजे लॅटिन अमेरिकेवरून : नेमकं उलट. सरकारी वर्गवारीत १९७७ साली नुसतं 'हिस्पॅनिक' होतं, १९९७ मध्ये 'हिस्पॅनिक किंवा लातिनो' झालं. म्हणून तक्त्यातला शब्द बदलू नका, आकडा त्या व्याख्येला बांधलेला असतो.

चिकूचं झाड :
पण एक्स कशाला?

शब्दखूण :
लिंगासाठी. आपल्याकडे मुलगे आणि मुली मिळून 'मुलं', नपुंसकलिंगाची सोय तयारच आहे. स्पॅनिशमध्ये नामांना ती नाही. ९९ मुलींत १ मुलगा आला की अख्खा घोळका पुल्लिंगी, 'निन्योस' (मुलगे). लातिनो-लातिना या जोडीतून सुटायला एक्स आला, पण स्पॅनिश जिभेला तो शब्दाच्या शेवटी जड जातो. म्हणून पुढे 'लातिने', 'एस्तुदियान्ते' (विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी) या शब्दासारखा दोन्हींकडे चालणारा.

पाटीपेन्सिल :
निबंधांत लॅटिनेक्स उदंड, घरात नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या २०२० च्या अहवालात या समाजातल्या २३ टक्के प्रौढांनी तो ऐकला होता, वापरणारे ३ टक्के. २०२४ च्या अहवालात ऐकणारे ४७, वापरणारे ४!

तक्त्यातला खरा खड्डा वेगळाच. २०१०-११ पासून कॉलेजांनी केंद्र सरकारला आकडे देताना, हिस्पॅनिकवर खूण करणारा विद्यार्थी फक्त त्याच रकान्यात मोजायचा, वंश काहीही असो. आफ्रो-लातिनो, म्हणजे कृष्णवर्णीय लातिनो मुलगी कृष्णवर्णीयांच्या रकान्यातून गायब होते. त्याआधीच्या वर्षांशी तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

रानवारा :
मग शीर्षकाचं काय?

पाटीपेन्सिल :
'लॅटिनेक्स'च ठेवा, पहिल्या उल्लेखाला 'लॅटिन अमेरिकी मुळाचे, कोणत्याही लिंगभावाचे' एवढं जोडा. मुलाखतीत विद्यार्थिनी स्वतःला 'लातिना' किंवा 'चिकाना' (मेक्सिकन मुळाची अमेरिकी स्त्री) म्हणत असेल, तर तिच्या तोंडी तोच शब्द हवा.