मदत हवी आहे: पेकहॅममधलं नायजेरियन जेवण आणि शाकाहारी सासूबाई

ऑफिसातली मैत्रीण आम्हाला लंडनच्या पेकहॅममध्ये नायजेरियन हॉटेलात नेतेय. मी सगळं खाते, सासूबाई मात्र अंडंही खात नाहीत. एगुसी ही वाटलेल्या बियांची दाट आमटी, म्हणून शाकाहारी वाटते, पण तीत बहुतेकदा सुकट, सुका मासा असतो. जोलोफ भातही अनेकदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. मग उरतं काय, तळलेलं प्लॅन्टेन (भाजीच्या केळ्यासारखं मोठं केळं)?

तिथे जेवलेल्यांनी सांगा: आधी फोन केला तर मांसमच्छीशिवाय वेगळं करून देतात का? की वाढताना नुसते तुकडे बाजूला काढतात? शनिवारी संध्याकाळी जेवण यायला फार वेळ लागतो का? सासूबाईंना साडेसातला जेवणाचं पान समोर लागतं. हाताने जेवायचं म्हटल्यावर मात्र त्या खूश आहेत!