एस्वातिनीतील स्त्रिया आणि राजसत्ता: न्यायालयातून मिळालेले हक्क कुठवर पोचतात?

मृण्मयी (मूळ मांडणी)

दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिक यांच्या बेचक्यात वसलेल्या, जेमतेम 12 लाख वस्तीच्या एस्वातिनीबद्दल (2018 पर्यंतचे स्वाझीलँड) मराठीत फारसे लिहिले जात नाही. राजाची सत्ता अनिर्बंध म्हणावी असा आफ्रिका खंडात आज हा एकच देश उरला आहे. राजे दुसरे सोभुझा यांनी 12 एप्रिल 1973 रोजी स्वातंत्र्याच्या वेळची राज्यघटना रद्द केली आणि राजकीय पक्षांवर बंदी घातली. त्यांचे पुत्र तिसरे म्स्वाती 1986 पासून गादीवर आहेत. 2005 मध्ये नवी घटना आली खरी, पण निवडणूक आजही ‘तिन्खुन्ड्ला’ या मतदारसंघांतून आणि उमेदवाराच्या वैयक्तिक गुणवत्तेवर होते. पक्षाच्या नावाने मत मागता येत नाही.

या देशातील स्त्री-चळवळीचे यश सांगताना डू अफाने यांच्या खटल्याचा दाखला हमखास दिला जातो. पतीबरोबर सामाईक मालमत्तेचा विवाह झालेल्या स्त्रीच्या नावे स्थावर मालमत्ता नोंदवू न देणारे 1968 च्या नोंदणी कायद्यातील कलम त्यांनी आव्हानित केले. फेब्रुवारी 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती क्विनिसिले माबुझा यांनी ते घटनाबाह्य ठरवले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनेशी विसंगत असल्याचे मान्य केले, पण दुरुस्तीसाठी संसदेला 12 महिने दिले. दुरुस्ती झाली ती मुदत उलटून गेल्यावर, 2012 मध्ये.

माझा आक्षेप त्यापुढचा आहे. हा निकाल खरेदीखत होणाऱ्या जमिनीपुरता आहे. देशातील निम्म्याहून अधिक जमीन ‘स्वाझी राष्ट्राची’ असून ती राजाकडे विश्वस्त म्हणून आहे. गावोगावचे प्रमुख ती राजाच्या वतीने वाटतात, आणि ग्रामीण स्त्रीला तिथवर बहुधा नवरा, भाऊ किंवा मुलगा यांच्याच आधाराने पोचावे लागते. ज्या बाईला जमीन सर्वांत जास्त हवी आहे, तिच्या शिवारापर्यंत हा निकाल जातच नाही.

शिवाय 2005 ची घटना एकीकडे स्त्री-पुरुष समतेचे आश्वासन देते आणि दुसरीकडे नागरिकत्व मात्र पित्याकडून येईल असे ठरवते. परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या स्वाझी स्त्रीचे मूल जन्माने स्वाझी नागरिक होत नाही. घटनेतच कोरलेला भेद घटनेचा आधार घेऊन कोणते न्यायालय काढणार? म्हणून माझे मत असे, की राजसत्तेच्या प्रश्नाला बगल देऊन मिळवलेले स्त्रियांचे हक्क हे राजवाड्याने परवानगी दिली तेवढेच हक्क आहेत.

अनुष्टुभ

मांडणी अभ्यासपूर्ण आहे. निष्कर्ष मला पटत नाही. तुम्ही 2010 वर थांबलात. पत्नीला कायद्याने अज्ञान (म्हणजे अल्पवयीनासारखी) समजून तिचे करार आणि दावे पतीच्या संमतीवर टांगून ठेवणारे तत्त्व 2019 मध्ये उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. त्याच्या आदल्या वर्षी लैंगिक गुन्हे आणि कौटुंबिक हिंसाचार यांविरुद्धचा कायदा आला. त्याने वैवाहिक बलात्कार हा गुन्हा मानला, आणि हे आपल्याकडे अजून झालेले नाही हे कृपया लक्षात घ्यावे. ते विधेयक कित्येक वर्षे रखडले होते, परंपरेचे नाव पुढे करून त्यातील कलमांना विरोध झाला होता. 1990 पासून अत्याचारग्रस्तांसाठी काम करणारी ‘स्वागा’ ही संस्था आणि तिच्यासारख्या इतर संघटना चिवटपणे मागे लागल्या नसत्या, तर ते मंजूर झाले नसते. पक्षबंदी उठेपर्यंत त्यांनी थांबायला हवे होते काय?

आता शेजारचे लेसोथो पाहा. तिथेही राजा आहे, पण नामधारी. पक्ष आहेत, निवडणुका होतात, सरकारे पडतात. तरीही एका प्रमुखाची थोरली लेक सेनाते मासुफा यांनी वडिलांच्या गादीवर हक्क सांगितला, तेव्हा 2013 मध्ये घटनापीठाने आणि 2014 मध्ये अपील न्यायालयाने तो नाकारला, कारण तेथील कायदा प्रमुखपद मुलग्यांकडेच ठेवतो. लोकशाही आली की स्त्रियांचा प्रश्न आपोआप मार्गी लागतो, हे गृहीतक तेथेच कोसळते.

मृण्मयी

‘आपोआप’ हा शब्द तुमचा आहे, माझा नव्हे. लेसोथोचे उदाहरण तुम्ही अर्धेच दिले. पत्नीला अज्ञान मानणारे तेच तत्त्व लेसोथोच्या निवडून आलेल्या संसदेने 2006 मध्ये कायदा करून काढून टाकले, म्हणजे एस्वातिनीच्या 13 वर्षे आधी, आणि त्यासाठी कोणा एका बाईला आपला संसार न्यायालयात मांडावा लागला नाही. मासुफा हरल्या हे खरे. पण त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्या पक्षाला तेथे मते मागता येतात, सरकारला जाब विचारता येतो. एस्वातिनीत 2018 च्या निवडणुकीत 59 मतदारसंघांतून केवळ 2 स्त्रिया थेट निवडून आल्या. त्याचा जाब मतदाराने कोणाला विचारायचा? हरलेला पक्षच नसेल, तर पराभवाची जबाबदारीही कोणाची नसते.

जोहान्सबर्गकर

माझे वास्तव्य बरीच वर्षे या भागात आहे, म्हणून थोडे वेगळे मांडतो. बाहेरचे लोक एस्वातिनीकडे पाहतात ते उम्लांगा सोहळ्याच्या छायाचित्रांतून. हजारो मुली वेत कापून लुद्झिद्झिनीच्या राजवाड्यात आणतात, तो सोहळा म्हणजे राजासाठी वधू निवडण्याचा बाजार, असे लिहून मोकळे होतात. वस्तुतः ते वेत राजमातेला अर्पण केले जातात, आणि येथील परंपरेत राजा एकटा राज्य करीत नाही. त्याच्या जोडीला ‘इन्ड्लोवुकाझी’ म्हणजे राजमाता असते. राणी लाबोत्सिबेनी यांनी 1899 ते 1921 या काळात नातवाच्या वतीने कारभार केला आणि गोऱ्यांनी बळकावलेल्या जमिनी परत विकत घेण्यासाठी प्रजेकडून निधी उभारला. अशा समाजाला स्त्रीद्वेष्टा म्हणणे अन्यायाचे आहे. अनेक स्वाझी स्त्रिया परंपरेला शत्रू मानत नाहीत. त्यांना राग आहे तो तिच्या नावाने चालणाऱ्या अरेरावीचा.

मृण्मयी

लाबोत्सिबेनींबद्दल आदरच आहे. पण राजमातेचे वजन केव्हा असते, हेही सांगायला हवे. सोभुझांच्या निधनानंतर राज्य सांभाळणाऱ्या राणी झेलिवे यांनी 1983 मध्ये राजमंडळाच्या बलाढ्य सदस्यांचे ऐकले नाही, तेव्हा त्यांना पदावरून दूर करण्यात आले. स्त्रीचा मान त्या व्यवस्थेत आहे, नकाराधिकार नाही.

परंपरेचेच बोलायचे तर 2001 मध्ये राजे म्स्वाती यांनी ‘उमच्वाशो’ ही जुनी कौमार्यप्रथा पुन्हा आणली आणि तरुण मुलींवर 5 वर्षांची शरीरसंबंधबंदी लादली. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांनी स्वतः 17 वर्षांच्या मुलीला वधू म्हणून निवडले आणि दंड म्हणून एक गाय दिली. मोडणाऱ्याला गाय परवडते की नाही, यावर त्या प्रथेचे पावित्र्य ठरत होते. मुदतीच्या वर्षभर आधी, 2005 मध्ये ती बंदी उठवली गेली.

2002 चे प्रकरण तर अधिक गंभीर आहे. राजाची वधू म्हणून नेलेल्या 18 वर्षांच्या विद्यार्थिनीला परत मिळवण्यासाठी तिच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा महाधिवक्त्यांनी पोलीस आणि लष्कराच्या प्रमुखांसह न्यायाधीशांची भेट घेऊन तो दावा सोडून द्यावा असा दबाव आणला. दावा पुढे बारगळला. त्याच वर्षअखेरीस, गावांतून लोकांना हुसकावण्याच्या वेगळ्या प्रकरणात सरकार न्यायालयाचे आदेश मानणार नाही असे पंतप्रधानांनी जाहीर केल्यावर अपील न्यायालयाच्या सर्व न्यायाधीशांनी राजीनामे दिले. अनुष्टुभ ज्या न्यायालयांवर भिस्त ठेवतात, ती ही.

सह्यकडा

दोन्ही बाजू न्यायालय आणि राजवाडा यांच्यातच फिरत आहेत. मात्सफाच्या कापड कारखान्यांत शिलाई यंत्रावर बसणाऱ्या बायकांचा उल्लेख अजून कोणी केला नाही.

आफ्रिकी मालाला करमुक्त प्रवेश देणारा ‘आगोआ’ हा अमेरिकेचा कायदा 2000 सालचा. त्याच्या जोरावर हा उद्योग वाढला आणि त्यात बहुसंख्य कामगार स्त्रियाच आहेत. संघटना, सभा आणि भाषण यांच्या स्वातंत्र्याची गळचेपी होते या कारणावरून अमेरिकेने 1 जानेवारी 2015 पासून ही सवलत काढून घेतली. कारण रास्त होते, नव्हे, तेथील कामगार संघटनांचीच ती तक्रार होती. पण कारखाने बंद पडले तेव्हा घरी बसल्या त्या बायका; राजवाड्यातील कोणाचे ताट रिकामे झाले नाही. देशात प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण जगात सर्वाधिक, सुमारे चारात एक, आणि त्यातही स्त्रियांमध्ये जास्त. अशा घरात एका पगारावर आजी, नातवंडे आणि औषधासाठी दवाखान्याची वाट, सगळेच अवलंबून असते.

मात्र याच दडपणाखाली सरकारने दहशतवादविरोधी कायदा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचा कायदा यांत बदल केले, आणि 2017 च्या अखेरीस सवलत परत मिळाली. म्हणजे बाहेरचा दबाव चालतो, पण त्याची किंमत ज्यांच्या नावाने तो आणला जातो त्यांच्याकडूनच वसूल होते. मृण्मयी, राजसत्तेला थेट भिडा असे तुम्ही म्हणता, तेव्हा हा हिशेब कोण मांडणार, हे विचारणे मला आवश्यक वाटते.

अनुष्टुभ

सह्यकडा यांनी माझेच म्हणणे अधिक स्पष्ट केले. आपल्याकडे टिळक आणि आगरकर यांच्यात आधी राजकीय की आधी सामाजिक असा वाद झाला, आणि ‘आधी स्वराज्य’ म्हणणाऱ्यांची सरशी झाल्यावर विधवांचा प्रश्न किती दशके मागे पडला, हे आपण जाणतो. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला, तोही स्वराज्य येऊन 75 वर्षे होत असताना.

एस्वातिनीत 2013 च्या निवडणुकीत एका विधवेला अंगावर शोकवस्त्रे आहेत म्हणून, आणि एका तरुणीला पँट घातली आहे म्हणून उमेदवारीपासून रोखले गेले. उद्या पक्षबंदी उठली, तरी गावच्या सभेत त्या शोकवस्त्रांकडे बोट दाखवणारी माणसे तीच राहतील. त्यांच्याशी चाललेले भांडण राजाच्या नावाने पुढे ढकलता येत नाही.

मृण्मयी

आगरकरांनाही वृत्तपत्र काढता येत होते, ही तुमच्या उदाहरणातली विसरलेली बाजू. जून 2021 मध्ये एस्वातिनीत लोक आमदारांकडे मागण्यांची निवेदने नेत होते, एवढ्यावर सरकारने निवेदनांनाच बंदी घातली. त्यानंतरच्या गोळीबारात आणि दंगलीत 46 मृत्यू झाल्याची नोंद देशाच्याच मानवाधिकार आयोगाने केली. निवेदनांची बाजू घेणाऱ्या दोन आमदारांना 2024 मध्ये अनुक्रमे 25 आणि 18 वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी 2023 मध्ये मानवाधिकारांचे वकील थुलानी मासेको यांना लुयेंगो येथील घरी, कुटुंबीयांसमोर गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या पत्नी तानेले मासेको न्याय मागत राहिल्या, तर पुढच्याच वर्षी सीमेवर त्यांनाच ताब्यात घेऊन त्यांचे फोन जप्त करण्यात आले. विधवेचे हे दुःख परंपरेने लादलेले आहे की राज्याने, हे मला वेगळे करून दाखवा.

गावच्या सभेतले भांडण पुढे ढकला, असे मी कुठेही म्हटलेले नाही. पण ते भांडण करायला लागणारा वकील, सभा आणि निवेदन ही तिन्ही साधने राजसत्तेच्या मर्जीवर आहेत.

अनुष्टुभ

तानेले मासेको यांच्याबद्दल मतभेद असण्याचे कारणच नाही. तरी एक प्रश्न उरतो. तुम्ही सुरुवातीला सांगितलेले नागरिकत्वाचे कलम बदलायचे, तर त्या विधेयकावर राजाची संमती लागेल. दबाव, वाटाघाटी, राजमातेमार्फत शब्द टाकणे, यांपैकी काहीच करायचे नाही असे ठरवले, तर आज जन्मलेल्या त्या मुलीला ओळखपत्र कोणत्या वर्षी मिळणार, एवढे सांगा.