टीव्हीवरच्या विक्रेत्यांवर घरातल्या जाणत्या माणसांचा विश्वास का बसतो?

विश्रामबागकर (सांगली) यांचा प्रश्न:

माझी आई निवृत्त शिक्षिका असून तिने सत्तरी ओलांडली आहे. व्यवहाराला ती अतिशय चोख आहे. गणपती पेठेत हळद घ्यायला गेली तर चिमूटभर हळद तळहातावर चोळून रंग आणि वास पाहिल्याशिवाय ती पैसे काढत नाही, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. हीच आई गेल्या काही महिन्यांपासून दुपारच्या वेळी टीव्हीवर चालणाऱ्या विक्रीच्या कार्यक्रमांतून, वस्तू हातात न घेता, फोनवरून मागणी नोंदवू लागली आहे. आधी भाजी चिरण्याचे यंत्र आले, मग गुडघ्यांना लावायचे तेल, पोटाला बांधायचा पट्टा, आणि अलीकडे घरातील अडचणी दूर करणारे म्हणून एक तांब्याचे ‘सिद्ध यंत्र’.

भाजीच्या यंत्राची चौकट पहिल्याच गाजराला वाकली. खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव नव्हते, पत्ता नव्हता; एक फोन नंबर होता, तो आता लागत नाही. पार्सल घेऊन आलेल्या मुलाने पैसे हातात पडेपर्यंत खोके उघडू दिले नव्हते.

एके दुपारी मी आईशेजारी बसून तो कार्यक्रम पूर्ण पाहिला. निवेदकाचे ओठ हिंदीत हलत होते आणि आवाज मराठी होता. पडद्याच्या कोपऱ्यात उलट मोजणारे घड्याळ होते. ते शून्यावर आले आणि थोड्या वेळाने पुन्हा भरून सुरू झाले. आईने तेही पाहिले होते, तरी तिला त्यात वावगे वाटले नाही. इतक्या सावध माणसाचा विश्वास नेमका कशामुळे बसतो, हे मला समजून घ्यायचे आहे. तसेच, तिचा अपमान होणार नाही अशा रीतीने आम्हाला काय करता येईल आणि कायद्याचा काही आधार आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

खटावकर (सातारा):

तुमच्या आईंना भोळे समजू नका, अशी पहिली विनंती. माझे वडील आणि चुलते अनेक वर्षे पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, पालीच्या खंडोबाला आणि औंधला किसण्या, काकडीची पाती, सुईत दोरा ओवायचे यंत्र अशा वस्तूंचे दुकान मांडत असत. त्यामुळे ही विद्या मी जवळून पाहिली आहे, आणि ती विद्याच आहे, हे मी आदराने म्हणतो. टोमॅटो निवडताना तो किंचित कच्चा आणि कडक घ्यायचा, म्हणजे चकती कागदासारखी पडते. बटाटा आधी पाण्यात ठेवायचा. पाते ओले राखायचे. हात चालू असताना तोंड क्षणभरही थांबू द्यायचे नाही, कारण गप्प राहिले की गर्दी पांगते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किंमत शेवटी सांगायची. लोकांच्या माना पुढे आल्या, मागच्या रांगेतले टाचा उंचावू लागले, की मग. पहिला नग घेणारा माणूस बहुधा आमच्याच ओळखीचा असे, कारण पहिला हात पुढे येईपर्यंत दुसरा येत नाही.

अमेरिकेतील टीव्हीवरचे गाजलेले विक्रेतेही अशाच जागी तयार झाले. रॉन पोपील हा तरुणपणी शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवरील बाजारात आपल्या वडिलांच्या कारखान्यातील स्वयंपाकाची अवजारे प्रात्यक्षिक करून विकत असे, आणि पुढे त्याने तेच प्रात्यक्षिक टीव्हीवर नेले. बिली मेज हा अटलांटिक सिटीच्या समुद्रकाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारून माल विकायला शिकला. जाहिरातींना किती वेळ द्यावा यावरील बंधने तेथील प्रसारण आयोगाने १९८४ साली उठवली, तेव्हा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या जाहिरातींना रान मोकळे झाले. आपल्याकडे उपग्रह वाहिन्या आल्यावर हाच साचा आधी परभाषेतून आणि मग मराठी आवाज चढवून आला.

मला खटकते ते असे. यात्रेत जो बोलत असे तोच विकत असे, पैसेही तोच घेत असे आणि यात्रा उठेपर्यंत त्याच जागी उभा असे. पाते बोथट निघाले तर बाई दुसऱ्या दिवशी चार जणींना घेऊन येत आणि वडिलांना ते मुकाट्याने बदलून द्यावे लागे, कारण पुढच्या वर्षीही तेथेच दुकान मांडायचे असे. टीव्हीवर बोलणारा एक असतो, माल बनवणारा दुसरा, फोनवर मागणी घेणारा तिसरा आणि दारात पैसे घेणारा चौथा. प्रात्यक्षिकाची सगळी कला शाबूत ठेवून त्यामागची जबाबदारी तेवढी काढून टाकलेली आहे. तुमच्या आईंच्या पिढीने बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून माल पारखला. तो चेहरा आता मालाशी बांधलेला नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

मिरजेची मास्तरीण:

खटावकरांनी सांगितले ते पटले. मी मानसशास्त्र शिकवले असल्यामुळे थोडी भर घालते. आधी मोठी किंमत सांगायची, मग ती पायरीपायरीने खाली आणायची, यामुळे आपल्या मनात पहिला आकडा मापासारखा रुतून बसतो आणि शेवटचा आकडा त्या मानाने स्वस्त वाटतो. वस्तूची खरी किंमत किती असावी, हा प्रश्न मनात उठतच नाही. घड्याळाचे काम विचाराला वेळ न देण्याचे. घड्याळ पुन्हा सुरू झालेले दिसले तरी घाईची भावना आधीच आपले काम करून गेलेली असते.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. १९७७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना काही विधाने दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने वाचून दाखवली; त्यांत जी विधाने पुन्हा पुन्हा आली, ती खरी असोत वा खोटी, विद्यार्थ्यांना उत्तरोत्तर अधिक खरी वाटू लागली. रोज दुपारी तेच तेल आणि ‘माझे गुडघे आता दुखत नाहीत’ असे सांगणारी तीच बाई पाहिल्यावर ते ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे ते विश्वासाचे वाटते. शिकलेल्या माणसालाही हा नियम चुकत नाही.

मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुपार. मुले कामावर, नातवंडे शाळेत, गुडघ्यांमुळे बाहेर जाणे कमी झालेले. अशा वेळी फोन केला की पलीकडचा मुलगा विचारतो, “आई, कोणता गुडघा जास्त दुखतो? जिना चढताना की उतरताना?” इतक्या आस्थेने हा प्रश्न घरात शेवटचा कोणी विचारला, हे विश्रामबागकरांनी रागावल्याशिवाय आठवून पाहावे. माझ्या शेजारच्या आजींच्या बाबतीत मी हे प्रत्यक्ष ऐकले आहे. एकदा मागणी नोंदवल्यावर त्यांना पुढे कितीतरी दिवस नव्या नव्या वस्तूंसाठी फोन येत राहिले, आणि त्या फोनची त्या वाट पाहू लागल्या होत्या.

जतचा वाचक:

थोडे वेगळे मत मांडतो. आमच्या भागात पूर्वी मासिकातली जाहिरात पाहून लोक व्ही.पी.ने, म्हणजे टपालाने आलेली वस्तू पोस्टात पैसे भरून सोडवून घ्यायच्या पद्धतीने, वस्तू मागवीत, कारण त्या वस्तू गावात मिळतच नसत. टीव्हीवरच्या विक्रीने तीच सोय केली. माझ्या मावशीने असाच मागवलेला कमरेचा पट्टा ती आजही वापरते आणि तिला त्याने बरे वाटते. सरसकट सगळ्यांना फसवे ठरवून आईंचा टीव्ही बंद करणे किंवा त्यांचा फोन काढून घेणे हा मला अन्याय वाटतो. शिवाय आपली तरुण मुले मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ पाहून केसांचे तेल आणि चेहऱ्याची मलमे मागवतात, त्यांना आपण असे प्रश्न विचारत नाही.

माहुलीचे वकील (सातारा):

जतच्या वाचकांचे म्हणणे मान्य आहे. म्हणूनच वस्तू आणि दावा यांत फरक करावा लागतो. वाकलेली चौकट हा सदोष मालाचा प्रश्न आहे. तेल आणि यंत्र यांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे.

१९५४ सालच्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मधुमेह, संधिवात, लठ्ठपणा, रक्तदाब, मोतीबिंदू अशा परिशिष्टातील रोगांवर औषधाने गुण येतो, अशी जाहिरात लोकांसमोर करण्यास मनाई केलेली आहे. तेलाच्या जाहिरातीत ‘संधिवात बरा होतो’ असे म्हटले असेल, तर प्रश्न केवळ तुमच्या पैशांचा उरत नाही. ताईत, मंत्र, कवच यांनी रोग बरा होतो, ही जाहिरातही त्याच कायद्याने निषिद्ध आहे. त्याशिवाय केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, ज्याचा पुरावा देणे कठीण आहे असा चमत्कारिक किंवा अलौकिक गुण वस्तूत असल्याचा समज होईल, अशी जाहिरात दाखवू नये, आणि जाहिरात ही कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे.

‘सिद्ध यंत्रा’बद्दल तर महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे, आणि त्याचे मूळ आपल्या सातारा-मिरजेत आहे, हे मी अभिमानाने सांगतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, साताऱ्यात त्यांनी दवाखाना चालवला, आणि या कायद्यासाठी अनेक वर्षे झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, यंत्र-ताईत यांसारख्या वस्तूंत चमत्कारी शक्ती असल्याचे सांगून टीव्हीवर त्या विकणे या कायद्याखाली बेकायदा आहे, असा निर्णय दिला. हे प्रकरण न्यायालयात नेणारे एक शिक्षक होते. तुमच्या आईही शिक्षिका आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

खटावकरांनी जबाबदारी निसटल्याचे जे म्हटले, त्यावर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने काही प्रमाणात उपाय केला आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला आणि त्या वस्तूची भलामण करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तेच केल्यास तो ५० लाखांपर्यंत जातो. भलामण करणाऱ्याला एक वर्षापर्यंत, आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत, कोणत्याही वस्तूची भलामण करण्यास बंदी घालता येते. दाव्याची खातरजमा आपण नीट केली होती, हे दाखवले तरच त्याची सुटका होते. म्हणजे पडद्यावरचा चेहरा मालाशी पुन्हा बांधण्याचा हा प्रयत्न आहे, आणि त्याचा वापर लोकांनी केला पाहिजे, अशी माझी कळकळ आहे. छापून आलेले इतके निर्णय वाचतो, पण तक्रार घेऊन माझ्याकडे येणारे फार थोडे.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार प्राधिकरणाला, अथवा थेट आपल्या जिल्हाधिकाऱ्यांनाही लेखी देता येते. पैसे परत मिळवण्यासाठी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावे. ग्राहक राहतो तेथे दावा दाखल करता येतो, त्यासाठी कंपनीच्या गावी जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेच पैसे परत येतात.

विश्रामबागकर:

सर्वांचे मनापासून आभार. मास्तरीणबाईंचे म्हणणे वाचून मी आईशी तिच्या गुडघ्यांबद्दल सविस्तर बोललो आणि मिरजेतील अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. ही चर्चाही तिला वाचून दाखवली. औरंगाबादच्या त्या शिक्षकांचा उल्लेख तिने पुन्हा वाचायला लावला, आणि यंत्राबद्दलची तक्रार आपण स्वतः, स्वतःच्या सहीने लिहिणार असे तिने ठरवले आहे. खोक्यावर नावपत्ता नसताना ही तक्रार कोणाविरुद्ध करायची, एवढेच तिला विचारायचे आहे.

माहुलीचे वकील (सातारा):

आवेष्टित वस्तूंवर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याच्या, २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ते नसणे हीच वेगळी तक्रार असून ती जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात देता येते. जाहिरातीच्या तक्रारीत वाहिनीचे नाव, दिनांक, वेळ आणि पडद्यावरचा फोन नंबर लिहावा. तो कार्यक्रम पुन्हा लागेल तेव्हा मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून ठेवावे. पार्सलवरचे कुरिअरचे लेबल फाडू नये, कारण पाठवणाऱ्याचा माग बहुधा त्यावरूनच लागतो. पैसे दिल्याचा संदेश मोबाइलमध्ये जपून ठेवावा. आईंना मसुदा तपासून हवा असेल तर त्यांनी येथे टाकावा, मी पाहून देतो. त्यासाठी शुल्क नाही.