जुन्या सिलिकॉनवर नवा थर नको

बाथटब आणि भिंतीमधली फट बुजवणारं सिलिकॉन (रबरासारखं लांबी) काळं पडलं, की त्यावरच नवा थर मारायचं तुमच्या मनात येईल, पण कृपया तसं करू नका. वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही, काही दिवसांत सालीसारखं सुटून येतं. जुनं सगळं ब्लेडने खरवडून काढा. कोपऱ्यात बोटाला रबरासारखं लागलं तर अजून शिल्लक आहे असं समजा. मग रबिंग अल्कोहोलने पुसा आणि अख्खा दिवस कोरडं राहू द्या, नाहीतर आत कोंडलेल्या ओलीने बुरशी परत येते.

आणखी एक. टब अॅक्रिलिकचा असेल तर आधी तो पाण्याने भरा. वजनाने टब किंचित खाली बसतो, फट उघडते आणि तेवढ्या फटीत सिलिकॉन बसतं. आम्ही रिकाम्या टबाला लावलं होतं, ते कडेने लांबलचक फाटलं. फार वाईट वाटलं होतं तेव्हा!

फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, सिलिकॉन भरा, त्यावरून ओलं बोट एका दमात फिरवा आणि वर साय धरायच्या आत टेप ओढून काढा. टबात भरलेलं पाणी 24 तासांनी काढून टाका. भिंतीला संगमरवर असेल तर व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन घेऊ नका, दगडावर डाग पडतात. दुकानात न्यूट्रल क्युअर, म्हणजे तसा आंबट वास नसलेलं सिलिकॉन मागा.